साठ हजारांचं प्रशिक्षण: डिझाइन शिकू की पाणी मोजायला?

वाचकाचं पत्र

छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या २२ एकर आवारात मी नऊ वर्षं उद्यान पर्यवेक्षक होतो. शिक्षण दहावीनंतरची कृषी पदविका. जूनपासून मला ग्राऊंड्स मॅनेजर केलंय. हाताखाली ९ माणसं, त्यात ४ महिला. चार एकर लॉन, एक क्रिकेट मैदान, साडेपाचशे झाडं आणि बागेला एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी. संस्थेने माझ्या प्रशिक्षणासाठी ६०,००० रुपये मंजूर केलेत, ते मार्चअखेर खर्च व्हायला हवेत. एका खासगी संस्थेचा लँडस्केप डिझाइनचा तीन महिन्यांचा कोर्स ५५,००० ला आहे. तो करू का? परदेशी प्रमाणपत्रांबद्दलही ऐकतो. लॉन दर फेब्रुवारीत पिवळं पडायला लागतं. महिन्याला युरियाच्या आठ गोण्या टाकतो, तरी फरक नाही. वय ४१. जाता जाता एक शंका: कॅन्टीनशेजारच्या पेल्टोफोरमच्या झाडाच्या बुंध्याशी दोन पावसाळे लाकडासारखी कडक तपकिरी छत्री उगवते आहे. ती काढून टाकली तर चालेल ना?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर

नमस्कार. तुमच्या शेवटच्या शंकेला आधी उत्तर देतो, कारण ती मार्चपर्यंत थांबण्यासारखी नाही.

वरून तपकिरी आणि चकचकीत, कडेने पांढरट, हाताला लाकडासारखी लागणारी छत्री बुंध्याशी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा ही मूळकुजव्या बुरशी आहे. छत्री हे तिचं फळ. खरी बुरशी आत, मुळांच्या आणि बुंध्याच्या लाकडात पसरलेली असते. छत्री तोडल्याने आतलं कुजणं थांबत नाही, उलट डोळ्यांना दिसणारी एकमेव खूण नाहीशी होते. पेल्टोफोरम आणि गुलमोहर वरून हिरवेगार दिसत असतानाच मुळातून उन्मळून पडतात ते यामुळे. आणि ते पडतात एप्रिल-मेच्या वळवाच्या वादळात, कॅन्टीन भरलेलं असताना.

म्हणून या आठवड्यातच बुंध्याभोवती एक फेरी मारा. लाकडी हातोडीने सगळीकडून वाजवून बघा. एखाद्या बाजूला आवाज भरीव न येता डबडब येतो का? जमिनीला भेग पडली आहे का, एका बाजूची माती उचलल्यासारखी दिसते का? मापपट्टी शेजारी धरून फोटो काढा. निकाल लागेपर्यंत झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरातून बाकं आणि दुचाकी हलवा. मग परवानगीचा अर्ज करा. आवार महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. ग्रामीण हद्दीत असेल तर १९६४ चा वृक्षतोड (नियमन) कायदा बघावा लागतो, त्यातली बंधनं अनुसूचीतल्या झाडांना आहेत. तुमचं महाविद्यालय शहराच्या 'जवळ' आहे, म्हणून हद्द नेमकी कोणती हे सातबारा किंवा मिळकतपत्रिका काढून पक्कं करा. जागा तुमच्या संस्थेची असली तरी परवानगीशिवाय कुऱ्हाड लावू नका.

आता कोर्सचं. डिझाइनचा तो कोर्स घेऊ नका. तो वाईट असेल असं नाही, पण तो शिकवतो आराखडा काढणं, झाडांची रंगसंगती बसवणं, पायवाटा आखणं. तुमच्या २२ एकरांचा आराखडा केव्हाच झाला आहे. तुमचं काम तो जिवंत ठेवण्याचं आहे, आणि त्यात तुम्हाला कमी पडतं ते मोजमाप. पर्यवेक्षक सांगतो, 'पाणी दिलं, खत टाकलं, कापणी झाली.' मॅनेजरला सांगता यावं लागतं की किती मिलिमीटर दिलं, चौरस मीटरला किती ग्रॅम टाकलं आणि किती मजूर-तास लागले. कुठलंही प्रशिक्षण निवडताना ते यातलं काय शिकवणार हे आधी विचारा.

हे तुमच्या पिवळ्या लॉनवरच दाखवतो.

एक गोणी युरिया म्हणजे ४५ किलो, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. एका एकराला एक गोणी टाकली की चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम नत्र पडतं. लॉनला एका वेळी एवढं पुष्कळ झालं. तुम्ही चार एकरांना आठ गोण्या टाकता, म्हणजे बरोबर दुप्पट, आणि तेही दर महिन्याला. त्याने पातं लुसलुशीत वाढतं, कापणी वाढते, मुळं वरच राहतात, पावसाळ्यात बुरशीचे चट्टे पडतात. पिवळेपणा मात्र जात नाही, कारण तो बहुधा नत्राचा नाहीच.

गुडघ्यावर बसा आणि एक पातं उपटून उन्हात धरा. खालची, जुनी पाती सरसकट फिकी पडली असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाती पिवळी आणि त्यांवर लांबीच्या दिशेने हिरव्या-पिवळ्या बारीक रेघा असतील तर लोह कमी पडतंय. पात्यांची टोकं करपून वाळली असतील तर क्षारांकडे बघा. पिवळे पट्टे गोल किंवा कमानीच्या आकाराचे असतील तर स्प्रिंकलरकडे. आणि टोकं पांढरट, चिंधीसारखी फाटलेली असतील तर मशीनचं पातं बोथट झालंय. रोटरी मोवरचं पातं दर २०–२५ तासांनी परजायचं आणि मधल्या भोकातून खिळ्यावर तोलून बघायचं. कापताना पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची एकदम उतरवू नका.

मराठवाड्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत सामू (पीएच) आठच्या वर असणं नेहमीचं आहे. अशा मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. त्यात युरिया दिला की वाढ जोरात होते, लोहाची मागणी वाढते आणि पिवळेपणाही वाढतो. फरक का पडत नाही, त्याचं कारण बहुतेक हेच.

खात्रीसाठी १० बाय १० मीटरचा एक चौकोन आखा. दर लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, ताजं कालवलेलं, ऊन उतरल्यावर फवारा. त्या चौकोनाला असं ५ लिटर द्रावण पुरतं. चार-पाच दिवसांत तेवढाच चौकोन हिरवा झाला तर निदान पक्कं. शेजारच्या फरशीवर थेंब उडाले तर लगेच पाण्याने धुवा; गंजाचे डाग पडतात आणि मग निघत नाहीत. हा इलाज तात्पुरता आहे. मुळांतून द्यायचं असेल तर चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह) घेताना पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलंय का बघा. स्वस्त मिळणारं 'ईडीटीए' तुमच्या सामूला मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतंच ठीक. दुकानदार दोन्हीला 'चिलेटेड' म्हणूनच विकतो.

त्याच्या आधी माती-पाण्याची तपासणी हवीच. लॉनच्या एका भागातून नागमोडी चालत १०–१२ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या बाजूची माती खरवडा, सगळी एकत्र करून चतुर्थांश पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलोवर आणा. ज्या भागात नुकतंच खत पडलंय तिथली घेऊ नका. एसटीपीच्या पाण्याचा रिपोर्ट तुमच्याकडे असेल, पण तो बहुधा प्रदूषण मंडळासाठी केलेला, बीओडी-सीओडीचा, म्हणजे पाण्यातली घाण मोजणारा. तुम्हाला हवं आहे सामू, विद्युत वाहकता (क्षार किती ते सांगणारी), सोडियमचं गुणोत्तर (एसएआर) आणि उरलेलं सोडियम कार्बोनेट (आरएससी). प्रयोगशाळेला 'सिंचनासाठी पाणी' असं स्पष्ट लिहून द्या. आरएससी १.२५ च्या आत चांगलं, २.५ च्या वर गेलं तर ते पाणी एकटं वापरू नका, दुसऱ्या पाण्यात मिसळा. जिप्सम टाकायला सांगणारे पुष्कळ भेटतील. जिप्सम सोडियमवर चालतं, चुनखडीवर नाही. मातीत सोडियम जास्त आहे असं रिपोर्ट म्हणत असेल तरच ते घ्या.

आणि आता पाणी. या विषयावर तुमचे सगळ्यात जास्त तास गेले पाहिजेत, कारण संस्थेचा पैसा इथेच गळतो.

सरळ भिंतीचे, एकाच आकाराचे १६ डबे घ्या. पहाटे, वारा पडलेला असताना, स्प्रिंकलरच्या एका विभागात सारख्या अंतरावर मांडा. ३० मिनिटं पाणी चालवा आणि प्रत्येक डब्यातली उंची मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये लिहा. समजा सोळा डब्यांची सरासरी ८ मिमी आली आणि सगळ्यात कमी पाण्याच्या चार डब्यांची सरासरी ४.५ मिमी. ४.५ भागिले ८ म्हणजे ०.५६. ही तुमची पाण्याची समानता. ०.७५ असती तर उत्तम, ०.६ च्या खाली म्हणजे दुरुस्ती हवी.

या आकड्याचा अर्थ पैशांत असा. तुमच्याकडे एप्रिलमध्ये दिवसाचं बाष्पीभवन ७ मिमी धरलं, तर लॉनची गरज त्याच्या सुमारे ०.६ पट, म्हणजे ४.२ मिमी. एका चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे १ लिटर. चार एकरांना रोज ६८,००० लिटर. पण कोरड्या कोपऱ्यालाही ४.२ मिमी मिळावं म्हणून ०.५६ च्या समानतेला १,२१,००० लिटर सोडावे लागतात, आणि ०.७५ ला सुमारे ९०,७००. म्हणजे नुसत्या दुरुस्तीतून रोज ३०,००० लिटर वाचतात, दहा हजार लिटरचे तीन टँकर. प्राचार्यांपासून विश्वस्तांपर्यंत कुणालाही हे एका ओळीत समजतं.

समानता बिघडते ती साध्या कारणांनी. एकाच विभागात वेगवेगळ्या नोझल्स बसवलेल्या असतात, कारण तुटलं की दुकानात मिळेल ते आणलं जातं. पॉप-अप (जमिनीतून वर येणारे स्प्रिंकलर) तिरके झालेले किंवा गवतात बुडालेले असतात. एका वेळी जास्त व्हॉल्व्ह उघडल्याने दाब पडतो. दोन स्प्रिंकलरमधलं अंतर त्यांच्या फेकीपेक्षा जास्त असतं. एकाचं पाणी दुसऱ्याच्या पायापर्यंत पोचलंच पाहिजे. एसटीपीच्या पाण्याला फिल्टर आठवड्याला नव्हे, फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांच्या आकड्यांतला फरक वाढला की धुवायचा. काळ्या मातीत पाणी सावकाश मुरतं, म्हणून अर्धा तास सलग न चालवता दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती. पाणी रस्त्यावर वाहत जायचं थांबेल.

हे शिकायला तुम्हाला लांब जायची गरज नाही. वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, १९८० पासून तुमच्याच शहरात कांचनवाडीला आहे. त्यांचे वर्ग मुख्यतः शेती-सिंचनाचे असतात, पण दाब, प्रवाह, फिल्टर, बाष्पीभवन यांचं गणित लॉनला आणि कापसाला एकच असतं. भेटून विचारा. माती आणि खतांसाठी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. लॉनच्या गवतांवर काम करणारं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय पुण्यात आहे, तिथे दोन दिवस काढून गवतांच्या जाती शेजारी शेजारी बघून या. तळेगाव दाभाडेच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरचं नाव तुम्हाला कुणीतरी सुचवेल. संस्था चांगली आहे, पण भर पॉलीहाऊसवर, तो तुमचा विषय नाही. कागदावर पात्रता वाढवायची असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ बघा. मराठीतून, नोकरी सांभाळून शिकता येतं आणि ४१ हे वय तिथे मुळीच जास्त नाही.

परदेशी प्रमाणपत्रांपैकी दोन खरोखर वजनदार आहेत. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरचं 'सर्टिफाइड आर्बोरिस्ट' वृक्षांच्या कामासाठी आहे. त्याला साधारण तीन वर्षांचा पूर्णवेळ वृक्षकामाचा अनुभव किंवा संबंधित शिक्षण आणि त्याहून कमी अनुभव लागतो. अमेरिकेतली प्रोफेशनल ग्राऊंड्स मॅनेजमेंट सोसायटी १९११ पासूनची. तिचं 'सर्टिफाइड ग्राऊंड्स मॅनेजर' शिक्षण आणि अनुभवाच्या वर्षांच्या जोडीवर मिळतं. आखातात, गोल्फ कोर्सवर किंवा मोठ्या कंपनीच्या कॅम्पसवर जायचं असेल तर हे उपयोगी. पण यंदा नाही. आधी दोन वर्षांच्या नोंदी हातात असू द्या. क्रिकेटची खेळपट्टी हा तर स्वतंत्र धंदा आहे. माती, रोलर आणि ओलाव्याचं ते गणित एखाद्या क्युरेटरकडे हंगामभर राहूनच येतं. तोवर तुम्ही आऊटफिल्ड सांभाळा, पिचला वेगळा माणूस मागा.

कुठल्याही कोर्सच्या फोनवर तीन गोष्टी विचारा. एकूण तासांपैकी मैदानावरचे किती? मातीचा नमुना मी स्वतः घेणार का, व्हॉल्व्ह स्वतः उघडणार का? परीक्षा नुसत्या कागदावर आहे की हाताने काम करून दाखवायची आहे? 'सगळं पीपीटीत आहे' असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

साडेपाचशे झाडांसाठी मात्र प्रत्यक्ष शिकवणारा माणूस पैसे देऊन बोलवा आणि तो दिवस सगळ्या नऊ जणांना द्या. फांदी कापायची रीत चुकीची असते तिथेच पुढच्या कुजण्याची सुरुवात होते. जाड फांदीला तीन काप: पहिला खालून, खोडापासून ३० सेंटिमीटरवर, जाडीच्या पाव भागापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या बाहेर पाच सेंटिमीटरवर; फांदी पडते आणि साल सोलत खाली येत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाला, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या जेमतेम बाहेर. खोडाला घासून कापलं तर ते कडं जातं आणि झाडाला जखम मिटवता येत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. कापाला डांबर, रंग काही लावू नका. शेंडा छाटू नका. खोडाभोवती एक मीटर तरी काँक्रीट नको. छाटणीलाही वर सांगितलेल्या कायद्याची परवानगी बघावी लागते, हे शिकवणाऱ्यालाही माहीत आहे का ते बघा.

आणि तुमच्या माणसांबद्दल एक आग्रह. मंजूर पैसा 'तुमच्या' प्रशिक्षणाचा आहे, पण वाटणी बदलून मागा. भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या 'गार्डनर' भूमिकेत कामाच्या अनुभवावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय असते. तुमच्या जिल्ह्यात सध्या कोणतं केंद्र ती चालवतं हे शोधा. दहा वर्षं काम केलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद येतो, त्याला मोल आहे. चार महिलांना आजवर काय काम दिलंत? बहुतेक ठिकाणी खुरपणी आणि झाडलोट, बस. डब्यांची चाचणी, व्हॉल्व्हचं वेळापत्रक, फिल्टर, नोंदवही ही सगळी कामं त्यांना शिकवा. वजनाचा मुद्दा नाही, आजवर कुणी हातात दिली नाहीत एवढंच.

दर शनिवारी वीस मिनिटं, एकच विषय. पहिला फवारणी पंपाचा ठेवा. १६ लिटरच्या पंपात मोजून पाणी भरा, १० बाय १० मीटरवर नेहमीच्या चालीने फवारायला सांगा, उरलेलं मोजा. एकाचे ४ लिटर जातील, दुसऱ्याचे ७. औषधाचा डोस दोघांना सारखाच सांगितलेला, म्हणजे एकाचं गवत वाचतं आणि दुसऱ्याचं करपतं. दोघांची चाल जुळवून ५ लिटरवर आणा; मग एक पंप ३२० चौरस मीटरला पुरतो, आणि वरचं हिराकसाचं प्रमाणही बरोबर बसतं. तणनाशकाचा पंप कायमचा वेगळा, त्यावर लाल पट्टा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना डब्यावरचे त्रिकोण शिकवा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरव्यालाही हातमोजे लागतातच.

मार्चची मुदत पाळायची तर व्यवस्थापनाला एका पानाचा प्रस्ताव द्या: माती-पाणी तपासणी, सिंचनाचं प्रशिक्षण, वृक्षछाटणीचा एक दिवस, माळ्यांची प्रमाणपत्रं आणि उरलेल्यात सामू व क्षार मोजायचं हातातलं यंत्र, पर्जन्यमापक आणि दोन दाबमापक. खाली डब्यांच्या चाचणीचा तक्ता जोडा, सोळाच्या सोळा आकड्यांसकट. तो तक्ता नसेल तर प्रस्ताव देऊ नका. एका पहाटेचं काम आहे, आधी ते करा.